सिव्हिलायझेशन ६: पहिल्या पन्नास टर्नमध्ये आधी काय बांधायचं

गेल्या महिन्यात भाच्याने 'सिव्हिलायझेशन ६' या कॉम्प्युटर गेमच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. सोबत मेसेज: "मामा, बघ. स्टोनहेंजला फक्त ४ टर्न राहिलेत!" फोटोत ५२वा टर्न चालू होता. नकाशावर त्याचं एकुलतं एक शहर, आणि पलीकडच्या शेजाऱ्याची हद्द नदी ओलांडून अलीकडे आलेली. मी काहीच उत्तर दिलं नाही. जरा वेळाने पुढचा मेसेज आला, "गेलं. दुसऱ्याच कोणीतरी बांधलं."

आता हिशोब बघा. स्टोनहेंज हे गेममधलं एक आश्चर्य, जो आधी बांधेल त्याचंच. त्याला १८० प्रॉडक्शन (शहराची बांधकामाची ताकद, दर टर्नला म्हणजे खेळीला साठणारी) लागतं. पहिला सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारा, ८० ला पडतो, दुसरा ११० ला. म्हणजे जवळपास त्याच मेहनतीत भाच्याची तीन शहरं उभी राहिली असती आणि ती नदीही त्याचीच असती. आपल्याकडे म्हणतात तसं, आधी पोटोबा, मग विठोबा. नवख्यांचा डाव बिघडतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी. शंभराव्या टर्नला आपण मागे का पडलो हे कळत नाही, कारण चूक बाराव्या टर्नला झालेली असते.

हा गेम २०१६ चा. २०२५ मध्ये त्याचा सातवा भागही आला, पण मी अजून सहाव्यातच रमलोय. मे २०२० मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, एपिक स्टोअरवर तो आठवडाभर फुकट मिळत होता. मी तेव्हाच उचलला आणि पहिले पाच-सहा डाव अगदी भाच्यासारखेच हरलो. खालचे आकडे 'गॅदरिंग स्टॉर्म' हे एक्स्पान्शन आणि स्टँडर्ड स्पीड धरून दिले आहेत. ऑनलाइन स्पीडवर खेळत असाल तर खर्च निम्मा धरा.

कोणाला घेऊन खेळायचं

पहिल्या डावात आपला हात आपोआप भारताकडे जातो. माझाही गेला होता. पण गांधींची ताकद धर्मांवर उभी आहे आणि ती उशिरा दिसते. सुरुवातीची बांधणी शिकायला त्यांचा फारसा उपयोग नाही. भारताची खास बांधणी म्हणजे 'स्टेपवेल', आपली बारव. तीही इरिगेशन हा शोध शिकल्यावरच मिळते. शिकण्यासाठी रोमचा ट्राजान घ्या. त्याच्या प्रत्येक नव्या शहरात मॉन्युमेंट (कल्चर म्हणजे संस्कृतीचे गुण देणारं स्मारक) फुकट उभं असतं, त्यामुळे एक निर्णय कमी होतो. काठिण्यपातळी 'प्रिन्स' ठेवा. तिथे संगणकालाही जादा मदत नसते आणि आपल्यालाही.

पहिला टर्न: शहर कुठे

सुरुवातीला हातात एक सेटलर आणि एक वॉरियर असतो. सेटलर निवडला की नकाशा रंगतो. गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, फिकट हिरवं म्हणजे समुद्रकिनारा. गोड्या पाण्यावर शहराला ५ हाउसिंग (लोकांच्या राहण्याची सोय) मिळतं, नुसत्या किनाऱ्यावर ३, आणि पाणीच नसेल तर २. लोकसंख्या हाउसिंगच्या जवळ पोचली की वाढ मंदावते. म्हणून नदीकाठ सोडू नका.

दुसरी गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. शहराच्या स्वतःच्या टाइलवर (नकाशावरच्या षटकोनी घरावर) कमीत कमी २ अन्न आणि १ प्रॉडक्शन मिळतंच. पण 'प्लेन्स हिल्स' म्हणजे पिवळसर टेकडीवर शहर वसवलं, तर २ अन्न आणि २ प्रॉडक्शन मिळतं. एकाने काय फरक पडतो, असं वाटेल. पन्नास टर्नमध्ये ५० प्रॉडक्शन होतं. एका बिल्डरची (टाइलवर शेती-खाणी उभारणाऱ्याची) किंमत तेवढीच आहे.

अशी टेकडी एका टर्नच्या अंतरावर दिसत असेल तर खुशाल चाला. दोन टर्न गेले तरी मी चालवून घेतो. तिसऱ्या टर्नलाही जागा शोधत भटकत असाल, तर जिथे उभे आहात तिथेच वसा.

टाइल बदलायला शिका

हा भाग जरा सावकाश वाचा. शहर वसलं की त्यातला एकमेव नागरिक कुठल्या तरी एका टाइलवर काम करतो. ती टाइल गेम आपोआप निवडतो, आणि बरेच जण त्याला हातच लावत नाहीत. शहरावर क्लिक करून नागरिकांची व्यवस्था उघडा, तिथे आपल्याला हवी ती टाइल देता येते.

समजा शहर प्लेन्स हिल्सवर आहे. टाइलचं २ प्रॉडक्शन आणि राजवाड्याचं आणखी २, असे ४ झाले. शेजारी दोन चांगल्या टाइल आहेत: एक गवताळ जमिनीवरचा गहू, ३ अन्नाचा. दुसरी जंगल असलेली गवताळ टेकडी, २ अन्न आणि २ प्रॉडक्शनची. नागरिक २ अन्न स्वतः खातो. पहिल्या लोकसंख्येवरून दुसऱ्यावर जायला १५ अन्न साठावं लागतं. स्काउट, म्हणजे टेहळ्या, ३० प्रॉडक्शनला मिळतो.

गव्हावर बसवलंत तर दर टर्नला ३ अन्न शिल्लक राहतं आणि पाच टर्नमध्ये लोकसंख्या २ होते. पण प्रॉडक्शन ४ च, म्हणून स्काउटला आठ टर्न लागतात. टेकडीवर बसवलंत तर नेमकं उलट: स्काउट पाचव्या टर्नला, लोकसंख्या आठव्याला.

मी टेकडी घेतो. लवकर निघालेला स्काउट तीन टर्न जास्त फिरतो, आणि त्या तीन टर्नमध्ये एखादी गावठाणाची झोपडी (पोचणाऱ्याला बक्षीस देणारी) किंवा एखादं नगरराज्य सापडू शकतं. शिवाय पुढचं सगळं बांधकामही त्याच ६ प्रॉडक्शनवर चालतं. काही अनुभवी खेळाडू गहू घेतात, आणि त्यांचंही चुकतं असं नाही. २ अन्न आणि २ प्रॉडक्शनची टाइलच नसेल तर अर्थातच गहू.

पहिली वस्तू: स्काउट

जवळपास नेहमीच. वॉरियर टर्नला २ पावलं चालतो, स्काउट ३. नगरराज्य सगळ्यांत आधी तुम्हाला भेटलं तर एक दूत फुकट मिळतो, आणि त्या एका दूतावर राजधानीला लगेच फायदा सुरू होतो: विज्ञानाच्या नगरराज्याकडून २ सायन्स, संस्कृतीच्या नगरराज्याकडून २ कल्चर. राजवाडा स्वतः १ कल्चर देतो, हे लक्षात घेतलं तर त्या २ ची किंमत कळेल. ३० प्रॉडक्शनमध्ये याहून स्वस्त सौदा सुरुवातीला नाही.

स्काउट एकाच दिशेने सरळ सोडू नका. राजधानीभोवती एक वळसा घालून मग लांब पाठवा. दुसरं शहर कुठे करायचं ते या पहिल्या वळशातच ठरतं. वॉरियरला शहराच्या चार-पाच टाइलच्या आत फिरवा.

नकाशा बेटांचा असेल आणि जमीन लगेच संपताना दिसत असेल, तर स्काउट सोडून थेट स्लिंगरवर जा.

दुसरी वस्तू: स्लिंगर, आणि त्याचं कारण

स्लिंगर म्हणजे गोफणवाला. ३५ प्रॉडक्शन. एकाच टाइलच्या अंतरावरून मारतो आणि समोरून कोणी अंगावर आलं की लगेच मोडतो. तरीही तो घ्यायचा, कारण त्याच्या हातून एक जरी शत्रू मेला तरी आर्चरीचा 'युरेका' मिळतो, म्हणजे त्या शोधाचं ४० टक्के काम फुकटात होतं. मग ६० सोनं देऊन त्याच गोफणवाल्याचा तिरंदाज करता येतो. युक्ती अशी की वॉरियरने शत्रूला अर्धमेलं करावं आणि शेवटचा दगड गोफणवाल्याने मारावा. घाईत वॉरियरनेच शेवट केला की युरेका गेला. हे माझ्याकडून अजूनही होतं.

रानटी टोळ्यांबद्दल इथेच सांगतो, कारण नवख्यांचे निम्मे डाव त्यांनीच मोडलेले असतात. आधी त्यांचा स्काउट येतो. त्याने तुमचं शहर पाहिलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं आणि तो आपल्या छावणीकडे पळत सुटतो. तो तिथे पोचला की हल्लेखोर सुटलेच म्हणून समजा. तो ३ पावलं चालतो आणि वॉरियर २, त्यामुळे पाठलाग करून तो हाती लागत नाही. तो कुठून आला ते पाहून ठेवा आणि परतीच्या वाटेवर वॉरियर आडवा उभा करा. छावणी घोड्यांच्या जवळ असेल तर घोडेस्वार येतात. तसं दिसलं तर बाकी सगळं थांबवून आणखी एक लढाऊ युनिट करा.

आणखी एक: तुमच्या कोणालाही जी टाइल दिसत असते, तिथे छावणी उगवत नाही. म्हणून फिरून झालेला स्काउट मोडीत न काढता राजधानीच्या मागच्या एखाद्या टेकडीवर कायमचा पहाऱ्याला बसवा.

तिसरी वस्तू: सेटलर, बिल्डर की मॉन्युमेंट

सगळा वाद इथे आहे.

सेटलर करायला शहराची लोकसंख्या किमान २ लागते आणि सेटलर निघाला की ती एकाने कमी होते. वरच्या उदाहरणात आठव्या टर्नला लोकसंख्या २ झाली, तेव्हा स्लिंगर अर्ध्यात असतो. तो पुरा करून सेटलर लावला, आणि दुसरा नागरिकही बऱ्या टाइलवर असला, तर साधारण ८ प्रॉडक्शनने सेटलर विसाव्या-बाविसाव्या टर्नला बाहेर पडतो. आसपास शांतता असेल तर स्लिंगर अर्ध्यातच थांबवून सेटलर लावता येतो. बदललं तरी अर्धवट काम तसंच राहतं, नंतर तिथूनच पुढे सुरू होतं. यात तीन-चार टर्न वाचतात. पण तो सेटलर एकटा, सोबतीशिवाय रानात सोडावा लागतो आणि रानटी टोळीने त्याला उचलून नेलं तर ८० प्रॉडक्शन आणि एक नागरिक दोन्ही गेले. माझा एकदा असाच तीन टाइल अलीकडे गेला. तेव्हापासून मी वॉरियरला सेटलरच्या पुढे एक टाइल चालवतो.

मॉन्युमेंटला ६० प्रॉडक्शन लागतं आणि ते टर्नला एक-दोन कल्चर देतं. रोम घेतला असेल तर ते आधीच उभं असतं, प्रश्नच मिटला. इतर कोणी असेल तर मी ते पहिल्या सेटलरनंतर करतो. 'सेटलरच्या आधी करा' म्हणणारा एक मोठा गट आहे. त्यांचं म्हणणं, कल्चर लवकर वाढलं तर पुढची सगळी धोरणं लवकर मिळतात. ते खरं आहे, पण चांगली जागा शेजाऱ्याने घेतली की ती परत मिळत नाही. मॉन्युमेंट दहा टर्न उशिरा झालं तर दहा-वीस कल्चर गेलं, बस्स.

बिल्डर ५० ला पडतो आणि तीन कामं करून संपतो. तीन टाइल सुधारल्या की क्राफ्ट्समनशिप या सिव्हिकला (कल्चरने मिळणाऱ्या शोधाला) ४० टक्के ढकल मिळते. त्याची किंमत ४० कल्चर, म्हणजे १६ कल्चर फुकट. सुरुवातीला टर्नला दीड-पावणेदोन कल्चर येत असतं, त्या हिशोबाने हे नऊ-दहा टर्नांचं काम झालं. शिवाय साधनसंपत्तीची टाइल शेतीखाली आणली तर इरिगेशनचा युरेका आणि खाण खणली तर चाकाचा. म्हणून बिल्डर करायचा तो या तीन कामांची यादी डोळ्यांसमोर ठेवूनच. हातात काम नसताना केलेला बिल्डर म्हणजे घरात माणूस नाही आणि बारा खुर्च्या आणून ठेवल्या, तसं. लोकसंख्या २ असताना सुधारलेल्या तीन टाइलपैकी एक रिकामीच राहणार!

तर माझा नेहमीचा क्रम: स्काउट, स्लिंगर, सेटलर, बिल्डर, सेटलर. मॉन्युमेंट त्यात बसेल तिथे. सोनं २०० झालं की बिल्डर विकत घेऊन टाकतो आणि राजधानीला सेटलरवरच ठेवतो.

क्रम कधी मोडायचा

वरचा क्रम पाठ करून खेळलात तर प्रिन्सवर तुमचं बरं चालेल, आणि एके दिवशी सपाटून मार खाल. क्रम नकाशा बघून मोडावा लागतो.

शेजारी आठ-दहा टाइलवर निघाला तर दुसरा स्लिंगर करा, मग सेटलर. आणि तो सेटलर शेजाऱ्याच्या दिशेने पाठवा, म्हणजे पाठीमागची जागा आपोआप आपलीच राहते. फार जवळ मात्र नको. त्याची लोकसंख्या जास्त असली तर नव्या शहराची निष्ठा घसरत जाते आणि शहर एक दिवस त्याच्याकडे निघून जातं. शेजारी भेटताच त्याच टर्नला किंवा पुढच्या टर्नला २५ सोनं देऊन शिष्टमंडळ पाठवा. एका स्लिंगरपेक्षा कधीकधी त्याचाच जास्त उपयोग होतो.

राजधानीजवळ दोन लक्झरी (चैनीच्या वस्तू) असतील, उदाहरणार्थ खाणीतले हिरे आणि मळ्यातला कापूस, तर बिल्डर एक पायरी वर घ्या. एक लक्झरी चार शहरांना पुरते, दुसरी मिळाली की संगणकाला विकता येते.

काठिण्यपातळी वाढवलीत की हिशोबच बदलतो. एम्परर आणि इमॉर्टलवर संगणक दोन सेटलर घेऊन सुरुवात करतो, डेइटीवर तीन. तिथे तुम्ही पहिला सेटलर काढता तेव्हा त्याची तीन शहरं आधीच असतात आणि मोठं सैन्य तुमच्या दिशेने चालू लागलेलं असतं. तिथे स्काउटनंतर दोन-तीन स्लिंगर करणं भागच आहे.

पहिली दोन धोरणं

कोड ऑफ लॉज हा पहिला सिव्हिक साधारण पंधराव्या टर्नला येतो. तेव्हा धोरणाचं एक लष्करी आणि एक आर्थिक कार्ड बसवता येतं. लष्करीत 'डिसिप्लिन' लावा, रानटी टोळ्यांविरुद्ध ५ ची वाढीव ताकद मिळते. आर्थिकमध्ये 'अर्बन प्लॅनिंग', प्रत्येक शहराला १ प्रॉडक्शन. 'गॉड किंग' लावलं तर टर्नला १ फेथ (श्रद्धेचा गुण) मिळतं आणि २५ झाले की पँथिऑन (धर्माची पहिली पायरी) घेता येतो. श्रद्धेचं दुसरं कुठलंच साधन नसेल तर तेही वाईट नाही, पण सहा-सात प्रॉडक्शनच्या शहराला एक जादा मिळणं म्हणजे पंधरा टक्के वाढ, ती मला सोडवत नाही.

पुढे अर्ली एम्पायर हा सिव्हिक आला की 'कॉलोनायझेशन' कार्ड मिळतं: सेटलरच्या कामाला ५० टक्के वेग. प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा ३० ने महाग होत जातो, म्हणून तिसरा-चौथा सेटलर या कार्डाखाली काढला तर ती महागाई भरून निघते. अर्ली एम्पायरला ढकल मिळते ती एकूण लोकसंख्या ६ झाल्यावर, आणि इथे सगळ्या शहरांची बेरीज धरतात. दोन लहान शहरं असली की हा आकडा लवकर गाठता येतो.

दुसऱ्या शहरात काय

दोन शहरांमध्ये किमान तीन टाइल मोकळ्या ठेवाव्या लागतात. त्याहून फार लांब जाऊ नका, चार-पाच टाइल पुरे. नव्या शहरात आधी मॉन्युमेंट, मग बिल्डर किंवा डिस्ट्रिक्ट (शहराच्या हद्दीतला खास विभाग). लोकसंख्या १ असतानाच एका डिस्ट्रिक्टची परवानगी असते, दुसऱ्याला ४ लागतात आणि तिसऱ्याला ७. डिस्ट्रिक्टची किंमत तुमचे शोध आणि सिव्हिक वाढतील तशी चढत जाते, पण जागा एकदा नकाशावर ठेवली की त्या दिवशीचाच भाव कायम राहतो. म्हणून रायटिंगचा शोध लागताच डोंगराला लागून कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) ठेवून द्यावा आणि मग निवांत दुसरं काम करावं.

आश्चर्यं, म्हणजे स्टोनहेंज वगैरे, चार शहरं होईपर्यंत मेनूमधून वाचूच नका.

सराव करायचा असेल तर पहिल्या टर्नला डाव सेव्ह करा आणि तोच नकाशा चाळीस टर्नपर्यंत दोनदा खेळा. दोन्ही वेळा एकच गोष्ट वेगळी करा, बाकी सगळं तसंच. गेल्या रविवारी मी आणि भाच्याने एकाच सेव्हवर ते केलं: त्याने सेटलरच्या आधी मॉन्युमेंट केलं, मी नंतर. माझी चाळिसाव्या टर्नला तीन शहरं होती, त्याची दोन आणि तिसरा सेटलर वाटेत. पण कार्डं त्याच्याकडे माझ्या आधी आली होती. "बघ मामा," म्हणाला, आणि पुढच्या तीस टर्नची पैज लावून बसलाय.